ऑर्किडला ओल हवी, तळे नको

प्रश्न : आम्ही मूळचे सातारचे. यजमानांच्या ‘भेल’मधल्या नोकरीमुळे भोपाळला आलो आणि निवृत्तीनंतर अवधपुरीतच घर केले. गेल्या सप्टेंबरात माहेरी गेले होते, तेव्हा भाचीने कास पठारावर नेले. तिथे पाणथळ जागी उगवलेली रानटी ऑर्किड पाहिली, फोनवर फोटोही काढले. परत आल्यावर यूट्यूबवर पाहते तर परदेशातले लोक गुडघ्याएवढे बूट घालून दलदलीत उतरतात आणि ऑर्किडचे सुरेख फोटो काढतात. मनात आले, आपल्या भोपाळला तर जगाने मान्य केलेली पाणथळ जागा आहे! मग आम्ही दोघे लागोपाठ तीन रविवार बडा तालाबच्या काठाने हिंडलो. जलपर्णी मिळाली, बेशरमी मिळाली, शिंगाड्याचे वेल मिळाले. ऑर्किड एकही नाही. आमचे शोधायचे चुकते आहे, की भोपाळात ती नाहीतच? सापडली तर घरी कुंडीत लावता येतील का? सोबत कासचे दोन फोटो पाठवते. एकात निळे-जांभळे ऑर्किड आहे. दुसऱ्यात पांढरे आहे, पण ते नुसते पांढरे भूत आले आहे. असे का होते?
– एक वाचक, अवधपुरी, भोपाळ

उत्तर : तुमचा प्रश्न एक दिसतो, पण त्याला चार गाठी आहेत. ऑर्किड ओळखायचे कसे, ते तळ्याकाठी का भेटत नाही, मग शोधायचे कुठे आणि केव्हा, आणि भेटलेच तर फोटोत त्याचे भूत का होते. एकेक गाठ सोडवू. सुरुवात मात्र थोड्या वाईट बातमीने करावी लागते आहे.

निळे-जांभळे ते ऑर्किड नव्हे

तुमच्या पहिल्या फोटोतले फूल म्हणजे ‘सीतेची आसवं’. चूक होणे अगदी साहजिक आहे. खालची पाकळी ओठासारखी पुढे आलेली, मागे शेपटीसारखी नळी, देठावर एकाआड एक फुले. वरवर पाहणाऱ्याला ऑर्किडच वाटावे. पण या वनस्पतीचा खरा कारभार चिखलात चालतो. तिथे तिच्या बारीक धाग्यांवर मोहरीहून लहान पिशव्या असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. आसवं गाळणारी ही बाई मांसाहारी आहे. ऑर्किड असला उद्योग करत नाही. पण ती किडे का खाते हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल : कासच्या मातीत तिला पुरेसे पोषण मिळत नाही, म्हणून.

मग ऑर्किड ओळखायचे कसे? ऑर्किडच्या फुलाला सहा दले असतात, तीन बाहेर आणि तीन आत. आतल्या तिनांपैकी एक बाकीच्यांहून वेगळे असते : रुंद, फाटलेले, झालरीचे किंवा वेगळ्या रंगाचे. तो ओठ. पण एवढ्यावर विसंबू नका, कारण ओठ तेरड्यालाही असल्यासारखा दिसतो. खरी खूण फुलाच्या मधोमध आहे. जास्वंदीत किंवा कण्हेरीत पुंकेसर वेगळे, स्त्रीकेसर वेगळा. ऑर्किडमध्ये हे सगळे एकजीव होऊन एकच आखूड खांब झालेला असतो. परागही सुट्या भुकटीसारखे नसतात, त्यांचे चिकट गोळे असतात. कीटक आला की गोळाच्या गोळा त्याच्या डोक्याला चिकटतो आणि पुढच्या फुलावर जातो.

आणखी एक गंमत सांगतो, ती भिंगाशिवायही दिसते. बहुतेक ऑर्किडांच्या कळीत ओठाची पाकळी वरच्या बाजूला असते. फूल उमलताना त्याचा देठासारखा दिसणारा भाग अर्धा फेरा घेतो आणि ओठ खाली येतो, म्हणजे कीटकाला उतरायला पायरी तयार. पांढऱ्या रानऑर्किडांत हा पीळ नीट दिसतो. देवापुढच्या वातीला असतो तसा. पुढच्या वेळी फुलाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या मानेकडे पाहा.

याच कसोटीवर आणखी दोन गैरसमज मोडतात. जलपर्णीच्या जांभळ्या तुऱ्यात एका पाकळीवर पिवळा डोळा असतो म्हणून तिला कोणी ऑर्किड समजतात. कांचनाला तर इंग्रजीत ‘ऑर्किडचे झाड’ असे नावच पडले आहे. दोघांतही पुंकेसर सुटे दिसतात, त्यामुळे दोघेही बाद.

तुमचे दुसरे, भुतासारखे फूल मात्र ऑर्किडच आहे, असे त्याच्या आकारावरून वाटते. दांड्याच्या एकाच बाजूला ओळीने पांढरी फुले बसली आहेत, जणू दात घासायचा ब्रश. अशा मांडणीच्या हबेनारिया हेनियाना या जातीला ‘टूथब्रश ऑर्किड’च म्हणतात. हबेनारिया हे आपल्याकडच्या जमिनीवरच्या ऑर्किडांचे मोठे घराणे. मराठीत ऑर्किडला अमरी म्हणतात, म्हणून यांना ‘हबेअमरी’ असे घरगुती नावही मिळाले आहे.

तळ्याकाठी का नाही?

आता मुख्य गाठ. तुम्ही शोधलेत नीट, पण शब्दाने फसवले. ‘पाणथळ’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तळे येते. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात या शब्दाचा पसारा फार मोठा आहे. नैसर्गिक किंवा माणसाने केलेली, कायमची किंवा हंगामी, साचलेल्या किंवा वाहत्या पाण्याची कोणतीही जागा त्यात बसते. भोपाळचे बडा आणि छोटा तालाब मिळून ‘भोज पाणथळ’ २००२ साली या यादीत गेली. पण त्याच व्याख्येने भाताचे खाचर, झऱ्याखालचे ओले गवत आणि पावसाळ्यात पाझरणारा सडा हीसुद्धा पाणथळच. तुम्ही या कुटुंबातल्या थोरल्या भावाचे दार ठोठावलेत. ऑर्किड राहते धाकट्यांकडे.

असे का, ते बियांपासून पाहू. ऑर्किडच्या एका शेंगेत हजारो, काही जातींत तर लाखो बिया असतात. एवढ्या बिया करायच्या म्हणजे प्रत्येकीबरोबर शिदोरी देणे परवडत नाही. हरभऱ्याच्या दाण्यात कोंबासाठी डाळ भरलेली असते. ऑर्किडचे बी म्हणजे नुसती धूळ. जमिनीत पडल्यावर त्याची एका विशिष्ट प्रकारच्या बुरशीशी गाठ पडावी लागते. बुरशी बाहेरून अन्न आणून देते, तेव्हा कुठे रुजणे सुरू होते. बुरशी भेटली नाही तर बी वाया.

या बुरशीला आणि कोवळ्या मुळांना ओल हवी असते आणि हवाही हवी असते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या महिनोन्महिने पाण्याने भरून राहिल्या की हवा संपते. आपल्या बहुतेक जमिनीवरच्या ऑर्किडांना कंद असतात आणि बुडालेला कंद कुजतो. घरात बटाटे पाण्यात ठेवून पाहिले तर दोन आठवड्यांत हा धडा वासासकट मिळतो.

दुसरे कारण, खुराक. बडा तालाब हा कोलांस नदीवर मातीचे धरण घालून झालेला जलाशय. त्याचे श्रेय अकराव्या शतकातल्या परमार राजा भोजाला देतात. भोवतालच्या शेतांतून आणि वस्तीतून गाळ आणि खते शतकानुशतके त्यात येत आहेत. अशा सुपीक काठावर कोण माजते? जलपर्णी, बेशरमी, पाणकणीस, उंच लव्हाळे. वीतभर उंचीच्या ऑर्किडला त्यांच्या सावलीत डोके वर काढता येत नाही. शिवाय तळ्याची पातळी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. आज काठ आहे ती जागा ऑगस्टमध्ये पाण्याखाली आणि मेमध्ये भेगाळलेली. वरून म्हशींची ये-जा. इतके सगळे सोसणारे झाड निराळ्या हाडाचे असते.

कास याच्या नेमके उलट आहे. खाली कठीण जांभा दगड, वर जेमतेम बोट-दोन बोटे माती. पाऊस भरपूर, पण पाणी खाली मुरत नाही. ते सड्यावरून हळूहळू पसरते, खळग्यांत थांबते, वाहून जाते. म्हणजे माती ओली राहते, पण पाणी हलते असल्यामुळे हवा मिळते. माती निकस, त्यामुळे दांडगी झुडपे येतच नाहीत. सीतेची आसवं किडे धरतात ती याच उपासमारीमुळे आणि ऑर्किडला जागा मिळते तीही याच उपासमारीमुळे. पावसाळा सरला की दोन महिन्यांत सडा कोरडा पडतो, पाने सुकतात आणि कंद पुढच्या मृगापर्यंत झोपी जातो.

मग यूट्यूबवरचे बूटवाले काय करत होते? तेही खोटे नव्हे. युरोपात थंड हवेच्या दलदली असतात. तिथे शेवाळ आणि अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर साचतात, पोषण कमी असते आणि पाणी मुळांशी असते, डोक्यावर नसते. त्या भागांत डॅक्टिलोरायझा नावाची जांभळी ऑर्किड खरोखर बुटाच्या पातळीवर उगवतात. त्यांचे एक भावंड आपल्या हिमालयातल्या ओल्या कुरणांतही आहे. त्याचा कंद पंजासारखा म्हणून त्याला हत्थाजडी म्हणतात. तेव्हा दलदलीतले ऑर्किड हे खरे, पण ते त्या हवेचे. इटलीची भाजी भोपाळच्या मंडईत शोधण्यासारखे तुमचे थोडे झाले.

मग भोपाळकरांनी कुठे जावे?

भारतात ऑर्किडच्या सुमारे साडेबाराशे जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या २०१९ सालच्या सूचीत हा आकडा १,२५६ आहे. त्यातला मोठा हिस्सा ईशान्य भारत आणि हिमालयाकडे आहे, त्याखालोखाल सह्याद्री आणि दक्षिण. मध्य भारताच्या वाट्याला थोडीच आली. ‘थोडी’ म्हणजे ‘नाहीत’ असे मात्र नव्हे. तुमच्यासाठी महिन्यांच्या हिशेबाने मांडतो.

एप्रिलपासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत जमिनीकडे पाहू नका, झाडांकडे पाहा. जुन्या आंब्याच्या, मोहाच्या फांदीवर जाडजूड मुळे लोंबत असतील आणि दोन रांगांत चामड्यासारखी पाने असतील, तर ती रास्ना असू शकते, म्हणजे वँडा टेसेलाटा. फूल पिवळसर-तपकिरी, त्यावर चौकडीची जाळी, ओठ निळसर-जांभळा. हिलाच बऱ्याच ठिकाणी ‘बांदा’ म्हणतात, आणि इथे एक जुना घोळ आहे. झाडाचा रस पिणाऱ्या बांडगुळालाही तेच नाव आहे. त्यामुळे ऑर्किड झाडाचे रक्त शोषते अशी समजूत झाली आणि कित्येक बागमालकांनी निष्पाप रास्ना ओरबाडून टाकली. बांडगूळ फांदीत मूळ खुपसते. रास्ना सालीला फक्त धरून बसते. पाणी घेते पावसाचे आणि दवाचे. भाडेकरू आणि चोर यांत जितका फरक, तितकाच या दोघांत आहे.

ऑगस्ट-सप्टेंबर हा जमिनीवरच्या हबेनारियांचा काळ. यासाठी तळे सोडा आणि उतार धरा. भोपाळ शहर गमतीच्या जागी वसले आहे : एका बाजूला माळव्याची काळी माती, दुसऱ्या बाजूला विंध्याचा वालुकाश्म. काळी माती पावसात चिकट लगदा होते आणि उन्हात फाटते; कंदाला दोन्ही जाचक. वालुकाश्मावरच्या रेताड मातीतून पाणी पाझरते. त्यामुळे भीमबेटका-रातापानीच्या बाजूला जिथे वालुकाश्माच्या घळीतून ओहळ येतो, शेजारी सावली आणि आखूड गवत असते, तिथे नजर ठेवण्यात अर्थ आहे. जंगल राखीव आहे. वनखात्याचे नियम पाळूनच जायचे आणि मळलेली वाट सोडायची नाही. दोन दिवस हाताशी असतील तर सरळ पचमढी गाठा. भोपाळहून सुमारे २०० किलोमीटर. सातपुड्याचा तो माथा हजार मीटरहून उंच आहे, पाऊस जास्त, हवा गार. मध्य प्रदेशात ऑर्किडांसाठी नाव घ्यावे ते पचमढीचेच.

माहेरी जाणार असाल तर सप्टेंबरची वाट पाहू नका. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की, म्हणजे ज्येष्ठाच्या शेवटी किंवा आषाढात, सातारा-पाचगणीच्या सड्यांवर हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस उगवते. एवढ्या लांबलचक नावाच्या झाडाला पान बहुधा एकच : गोल, जमिनीला चिकटलेले, रुपयापेक्षा जरा मोठे. त्यातून दांडा, दांड्यावर दोन-चार शुभ्र फुले. गर्दी कासला पोहोचेपर्यंत ही बाई आवरून गेलेली असते. ओळखण्यासाठी श्रीकांत इंगळहळीकरांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे पुस्तक पिशवीत असू द्या. खोलात जायचे असेल तर सान्तापाऊ आणि कापडिया यांचा १९६६ सालचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळेल.

आणि आता ज्यासाठी एवढी वाट पाहायला लावली ते. तुम्हाला पाणथळीतलेच ऑर्किड हवे ना? तसे एक आहे आणि ते भारतभर सखल भागांत मिळते. नाव झ्यूक्सिनी स्ट्रॅट्यूमॅटिका, इंग्रजीत ‘लॉन ऑर्किड’. भाताच्या खाचरांचे बांध, पाटाच्या कडा, सतत ओले राहणारे गवत ही त्याची ठिकाणे. फुलायचा काळ थंडीचा, साधारण डिसेंबरअखेर ते मार्च. कंदावर ते अवलंबून नाही, जमिनीलगत सरपटणाऱ्या खोडावर भागवते, म्हणून बाकीच्यांहून जास्त ओल सोसते. पुष्कळदा परागणाशिवायच त्याचे बी धरते, त्यामुळे कीटकांचेही त्याला फारसे अडत नाही. या दोन गुणांवर त्याने जग पाहिले : १९३६ साली ते अमेरिकेत फ्लोरिडातल्या हिरवळीत सापडले. चीनहून आणलेल्या गवताच्या बियांबरोबर ते गेले असावे, असे मानतात.

मी ते पहिल्यांदा पाहिले कोकणातल्या एका बांधावर, आणि पाहिले म्हणजे त्याच्यावर जवळजवळ बसलोच होतो. उंची फार तर करंगळीएवढी. पाने गवतासारखी अरुंद, पण हिरवी नाहीत, मातकट तांबूस. म्हणून नजर त्यांना वाळके गवत समजून पुढे जाते. टोकाला दाटीवाटीने फुलांचा लहानसा तुरा. एकेक फूल तांदळाच्या दाण्याएवढे, पांढरे, आणि मधोमध ओठ हळदीसारखा पिवळा. युरियाचे रिकामे पोते अंथरून मी त्यावर पालथा पडलो, कोपरे चिखलात, कॅमेरा जमिनीला टेकलेला. म्हशी घेऊन चाललेला एक गृहस्थ थांबला. थोडा वेळ पाहून म्हणाला, “किल्ली पडली काय?” मी फूल दाखवले. तो वाकला, बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “हे तर आमच्या पायाखाली असतंय.” या वनस्पतीचे याहून नेमके वर्णन मी अजून कुठे वाचलेले नाही.

फोटोत भूत का होते?

यात तुमच्या फोनचा दोष थोडा आणि समजुतीचा घोटाळा जास्त. कॅमेऱ्याला चौकटीतले काय महत्त्वाचे ते कळत नाही. तो सगळ्या चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो आणि चित्र मध्यम उजळ करू पाहतो. तुमच्या चौकटीत नव्वद टक्के काळपट हिरवे गवत आणि दहा टक्के शुभ्र फूल. सरासरी गडद निघाली, म्हणून त्याने उजेड वाढवला. गवत छान दिसले, पण फूल आधीच पांढरे होते. त्यावर आणखी उजेड पडल्यावर पाकळ्यांच्या शिरा, ओठाची झालर सगळे धुऊन गेले. उरले भूत.

उपाय सोपा आहे. स्क्रीनवर फुलालाच बोट लावा. उजेड कमी-जास्त करण्याची जी खूण येते ती खाली ओढा, पाकळीवरच्या रेषा दिसेपर्यंत. मोठ्या कॅमेऱ्यावर हेच काम उजेडाची भरपाई उणे एकवर नेल्याने होते. गडद फोटो घरी उजळता येतो. धुऊन गेलेला तपशील कोणत्याही युक्तीने परत येत नाही.

दुसरी गोष्ट, ऊन. दुपारचे ऊन म्हणजे फुलाचा छळ : उजेडाकडची बाजू जळते, दुसरी काळी पडते. ढगाळ सकाळ सर्वात चांगली, कारण सगळे आभाळच दिव्यासारखे चहूकडून मऊ उजेड देते. ऊन असेलच तर यजमानांना छत्री धरून उभे करा. पांढरी छत्री असेल तर उत्तम. ऊन गाळून येते. तीच छत्री वाऱ्याच्या बाजूला धरली की फूल डोलायचे थांबते. संसारातली निम्मी कामे छत्री धरण्याचीच असतात, असे सांगून त्यांची समजूत घाला.

तिसरी, उंची. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत फूल गवतात हरवते. फुलाच्या डोळ्याला डोळा भिडेल इतके खाली या. मग मागचे गवत दूर जाते, धूसर होते आणि फूल सुटे दिसते. फोनची जवळच्या फोटोची सोय वापरताना फोन फुलाच्या इतका जवळ जातो की त्याचीच सावली पडते. त्यापेक्षा दोन वीत मागे सरकून दुपटीने मोठे करून घ्या. कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरचे मॅक्रो भिंग आणि एफ ८ ते एफ ११ हे छिद्र. म्हणजे ओठापासून शेपटीपर्यंत फूल स्पष्ट येते.

चौथी सर्वात महत्त्वाची, आणि बहुतेक लोक तीच विसरतात. एका फुलाचा एक फोटो पुरत नाही. चार काढा : पूर्ण झाड जागेसकट, पान, फूल समोरून आणि फूल बाजूने. हबेनारियांच्या कितीतरी जाती समोरून सख्ख्या बहिणी वाटतात. फरक असतो मागच्या मधाच्या नळीत. ती किती लांब, सरळ की वाकडी, टोकाला फुगीर की निमुळती, यावरून जात ठरते. हबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटात ती बोटभराहून लांब असते. एवढ्या खोल मध ठेवायचा तर तितक्याच लांब सोंडेचा पाहुणा हवा, आणि तो असतो रात्रीचा पतंग. म्हणून अशी फुले पांढरी असतात आणि अनेकांना संध्याकाळनंतर वास येतो. चार्ल्स डार्विनने मादागास्करच्या एका ऑर्किडची फूटभर नळी पाहून १८६२ साली लिहिले होते, की इतक्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. त्या पतंगाची शास्त्रीय नोंद झाली १९०३ साली, डार्विन गेल्यावर २१ वर्षांनी. बाजूने काढलेल्या फोटोची किंमत यावरून कळावी.

कुंडीत लावावे का?

नाही. नियमाआधी कारण सांगतो. जमिनीवरच्या ऑर्किडला बहुधा दोन कंद असतात. एक गेल्या वर्षीचा, जो या वर्षीचे फूल पोसता पोसता रिता होत असतो; दुसरा नवा, जो पुढच्या वर्षासाठी भरत असतो. फुलावर असताना उपटलेत तर एक संपलेला आणि दुसरा अपुरा, अशा अवस्थेत झाड घरी येते. त्याची बुरशी मागे जमिनीतच राहते. कुंडीत तुम्ही प्रेमाने शेणखत घालता, रोज पाणी घालता, म्हणजे थोडक्यात बडा तालाबचा काठ तयार करता. पुढचे तुम्हाला आता ठाऊक आहे.

कायद्याचेही भान हवे. राखीव जंगलातून पानसुद्धा तोडता येत नाही. देशाबाहेरच्या व्यापारावर तर सगळ्या ऑर्किड कुळासाठी आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. हौस भागवायची तर रोपवाटिकेत वाढवलेली डेंड्रोबियम किंवा फॅलेनॉप्सिस घ्या. ती कुंडीतच जन्मली आहेत, त्यांची तक्रार नसते.

फोटो काढतानाही दोन पथ्ये. आड येणारे गवत उपटू नका, काडीने बाजूला सारा आणि उठताना परत सोडा. गवत हा ऑर्किडचा बुरखा आहे. तो काढला की ऊन आणि शेळी दोघांनाही पत्ता लागतो. आणि पाय टाकण्याआधी काठीने चाचपा. एकेक फुलाजवळ न फुललेली पाच-सात रोपे असू शकतात, आणि गवतात घोणसही असू शकते. दोघांनाही पाय पडलेला आवडत नाही.

आता पुढचा रविवार. तालाबाला सध्या विश्रांती द्या. जानेवारी उजाडला की तुमच्या कॉलनीतल्या किंवा जवळच्या एखाद्या बागेत गळका नळ शोधा. भोपाळात तो शोधायला भिंग लागणार नाही. त्याच्याभोवती जे कायम ओले, आखूड गवत असते, तिथे उकिडवे बसा आणि करंगळीएवढे, तांबूस, टोकाला पांढरे-पिवळे असे काही दिसते का पाहा. मिळेलच असे वचन देत नाही, पण पाणथळीतल्या ऑर्किडची भेट व्हायचीच असेल तर अशा ठिकाणी होण्याचा संभव तळ्याकाठाहून जास्त आहे. कोणी विचारले, “किल्ली हरवली का?” तर हो म्हणा, सोपे पडते. मिळाले तर चारही फोटो पाठवा, बाजूचा नक्की. फोटोबरोबर फोन जागेची नोंद जोडतो, ती पाठवण्याआधी काढून टाका. फूल मला पाहायचे आहे, त्याचा पत्ता तुमच्याजवळच राहू दे.